मॅन्युअलमधला पत्ता ड्रायव्हरला का चालत नाही?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रास्पबेरी पाय ३ या बोर्ड-संगणकावर एलईडी पेटवायला लिनक्सचा छोटा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) लिहिला. चिपच्या मॅन्युअलमध्ये जीपीआयओचा (एलईडीसारख्या वस्तू जोडायच्या पिनांचा) पत्ता हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ७ई२००००० दिला आहे. तोच पॉइंटरमध्ये (पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घातला, तर मॉड्यूल लोड होताच 'अनेबल टू हँडल कर्नल पेजिंग रिक्वेस्ट' असं आलं. पत्ता तर बरोबर आहे ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर : बरोबर आहे, पण तो तुमच्या प्रोसेसरचा पत्ता नाही. शेतात बांधलेल्या घराच्या जागेला सातबाऱ्यावर गट नंबर असतो आणि ग्रामपंचायतीच्या वहीत मिळकत क्रमांक वेगळाच. जागा एकच, पण घरपट्टी भरताना गट नंबर उपयोगी पडत नाही.

७ई२००००० हा चिपमधल्या बसचा, म्हणजे आतले भाग जोडणाऱ्या वाहिनीचा, पत्ता. पाय ३ च्या प्रोसेसरला जीपीआयओची तीच रजिस्टरं (नियंत्रणाचे कप्पे) ३एफ२००००० या भौतिक पत्त्यावर दिसतात. तोही थेट पॉइंटरमध्ये घालू नका. एमएमयू (पत्ते बदलून देणारा प्रोसेसरचा भाग) चालू असताना कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलासुद्धा, प्रत्येक पॉइंटर हा आभासी पत्ता असतो आणि पेज टेबलातून, म्हणजे आभासी पत्त्याचा भौतिक पत्ता सांगणाऱ्या तक्त्यातून जातो. तिथे नोंद नसली की तुम्हाला दिसला तोच संदेश येतो. ही नोंद करून देतं आयओरीमॅप हे कर्नलचं फंक्शन. त्याला भौतिक पत्ता आणि लांबी द्या, आभासी पत्ता परत मिळेल. शिवाय त्या नोंदीवर 'ही डिव्हाइस मेमरी, कॅशमध्ये ठेवू नये' असा शेराही पडतो (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची प्रती ठेवायची वेगवान मेमरी). पुढची वाचा-लिहायची कामं रीडएल आणि राइटएल या फंक्शनांनीच करा, म्हणजे कंपायलर एखादं लेखन गाळणार नाही की क्रम बदलणार नाही.

कॅशचा मुद्दा मी ठासून सांगते, कारण त्यापायी माझे तीन दिवस गेले आहेत. एका एआरएम बोर्डवर नेटवर्कचा ड्रायव्हर लिहीत होते. पॅकेट आल्याचा इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) यायचा, बफर उघडला की आत जुनेच बाइट. नेटवर्क कार्डाने डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट रॅममध्ये नवा मजकूर लिहिलेला असायचा, प्रोसेसर मात्र कॅशमधली शिळी प्रत वाचायचा. वाचण्याआधी मी डीएमए-अनमॅप-सिंगल हे फंक्शन वापरलंच नव्हतं. ते आणि त्याचं जोडीदार डीएमए-मॅप-सिंगल कॅशची काळजी घेतात. मॅप करताना डिव्हाइसला समजेल असा पत्ताही मिळतो. तो भौतिक पत्त्यासारखाच असेल असं धरून चालू नका : पाय ३ वर डीएमएला रॅम सी००००००० पासून दिसते.

आता तुमच्या कोडाकडे. ३एफ२००००० हा आकडाही त्यात लिहू नका. पाय ४ वर तीच जागा एफई२००००० होते. बसचा कुठला पत्ता कुठल्या भौतिक पत्त्यावर बसतो, हे डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) 'रेंजेस' या ओळीत लिहिलेलं असतं. प्लॅटफॉर्म ड्रायव्हर (डिव्हाइस ट्रीतल्या नोंदीशी जोडला जाणारा ड्रायव्हर) लिहा आणि डेव्हएम-प्लॅटफॉर्म-आयओरीमॅप-रिसोर्स वापरा. पत्ता तिथून येईल, आणि मॉड्यूल काढताना मॅपिंगही आपोआप सुटेल.