स्प्रिंगला हात लावू नको, आधी बुश बघ
अरे भावा, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरताना गाडी झुलते म्हणून लगेच लोअरिंग स्प्रिंग, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग, मागवू नकोस. आधी टायरची हवा बघ. मग गाडी जॅकवर घेऊन चाक गाडीला जोडणाऱ्या लोअर आर्मच्या बुशवर, म्हणजे सांध्यातल्या रबरावर, टॉर्च मार. रबर चिरलेलं असेल तर नवा शॉकअप काय करणार? शॉकअपवर तेल ओघळलंय का, तेही बघ. शॉकअप बदलायचे तर जोडीनं, आणि मूळ स्प्रिंगवरच थोडे कडक, गॅस भरलेले. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिचं उसळणं आवरतो. मी हौसेनं स्प्रिंग कापून घेतल्या होत्या. खानापूर रोडला पहिल्याच स्पीडब्रेकरवर पोट घासलं, आणि मागं बसलेल्या आईनं महिनाभर गाडीत पाय ठेवला नाही! काम झालं की चाकांची अलाइनमेंट तेवढी करून घे.