मॅडिसन म्हणजे विस्कॉन्सिन नव्हे

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मॅडिसनला असतो. त्याच्या ओळखीतले सगळे डेमोक्रॅटिक पक्षाचे, तरी 2024 ला विस्कॉन्सिन ट्रम्प यांच्याकडे कसं गेलं? आणि नोव्हेंबर 2026 मध्ये गव्हर्नर कोणाचा येईल? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुणे लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात. नुसतं कोथरूड फिरून कोणी पुण्याचा निकाल सांगितला, तर तुम्ही ऐकून घ्याल का? मॅडिसनचंही तसंच. मी नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, पण 2024 च्या निवडणुकीच्या वेळी मुलीकडे मॅडिसनला होते तेव्हा मीही हीच चूक केली. तिथल्या डेन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) चारातली जवळपास तीन मतं कमला हॅरिस यांना पडली. मिलवॉकी शहरही त्यांचंच. पण मिलवॉकीला लागून असलेली वॉकेशा काउंटी रिपब्लिकनांचा बालेकिल्ला आहे, आणि उत्तरेकडची बरीचशी खेडी आता त्यांच्याकडे वळली आहेत.

या ओढाताणीत राज्य अगदी काठावर उभं असतं. तीस-चौतीस लाख मतांत 2016 ला ट्रम्प सुमारे 23 हजारांनी जिंकले, 2020 ला बायडेन सुमारे 21 हजारांनी, 2024 ला पुन्हा ट्रम्प सुमारे 29 हजारांनी. आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी सिनेटवर डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमी बाल्डविन यांना जवळपास तेवढ्याच मताधिक्यानं पाठवलं! हे कळल्यापासून मी या राज्याला कुठल्याही एका पक्षाचं म्हणत नाही.

गव्हर्नर म्हणजे तिथला थेट निवडून येणारा राज्यप्रमुख, आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नव्हे. या पदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे टोनी एव्हर्स पुन्हा उभे नाहीत, म्हणजे 2010 नंतर पहिल्यांदाच विद्यमान गव्हर्नर रिंगणात नाही. माझं मत डेमोक्रॅटिक पक्षाकडे किंचित झुकतं. राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर त्यांच्या पक्षाला बहुधा फटका बसतो. 2018 ला ट्रम्प सत्तेवर असतानाच एव्हर्स निवडून आले होते, तेही एका टक्क्याच्या आसपास फरकानं. एप्रिल 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत इलॉन मस्क यांनी प्रतिस्पर्ध्यासाठी कोट्यवधी डॉलर ओतूनही डेमोक्रॅटिक पक्षाचा पाठिंबा असलेल्या सुझन क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या.

निकालाच्या रात्री मात्र सुरुवातीच्या कलांवर जाऊ नका. टपाली मतांची मोजणी मतदानाच्या दिवसाआधी सुरू करायला तिथला कायदा परवानगी देत नाही. मिलवॉकीची ती मतं एकाच केंद्रावर मोजतात आणि आकडा रात्री उशिरा एकदम येतो. त्यात घोटाळा नाही.

मुलाला तिथला मताधिकार मिळाला असेल तर आवर्जून सांगा : नाव यादीत नसलं तरी पत्त्याचा पुरावा दाखवून मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नोंदणी होते. यादीत नाव नाही म्हणून इथे केंद्रावरून परत आलेली माझी शेजारीण त्या दिवशी जेवली नव्हती.