पातं बदलायला कंजुषी नको
कागद कापायच्या क्राफ्ट सुरीत नवीन पात्यापेक्षा बोथट पात्याला जास्त घाबर. धार गेली की आपण नकळत जोर लावतो, आणि जोर लावला की पातं सटकतं. कापलेल्या कडेला कागदाचे तंतू दिसू लागले, की ११ नंबरचं (टोकदार, तिरक्या धारेचं) पातं सरळ बदलून टाक. जाड पुठ्ठा एका दमात कापायचा नाही. हलक्या हाताने तीन-चार वेळा पातं फिरव. पट्टी स्टीलचीच घे. प्लास्टिकच्या पट्टीत पातं रुततं आणि वर चढून थेट बोटावर येतं. वळण आलं की कागद फिरव, मनगट नको. गोल दांड्याची सुरी टेबलावरून घरंगळते. पडताना झेलू नकोस, पाय मागे घे. (मी झेलली होती, टाके पडले.) जुनी पाती कचऱ्यात सुटी टाकू नकोस, झाकणाच्या डब्यात साठव.