डॅलसहून एडिसनला गाडीने जाताना पिस्तूल सोबत न्यावे का?

नमस्कार,

तुमचा प्रश्न वाचताना काही वर्षांपूर्वीची आमची स्वतःचीच तयारी आठवली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुम्ही लिहिले आहे की नुकतेच नागरिकत्व मिळाल्यावर तुम्ही डॅलसमध्ये रीतसर पिस्तूल घेतले, ते कमरेच्या उघड्या होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात) बाळगता, आणि आता सुट्टीत न्यू जर्सीला, एडिसनमध्ये राहणाऱ्या भावाकडे मिनिव्हॅनने जाताना ते तसेच कमरेला ठेवायचा विचार आहे. सोबत पत्नी, दोन मुले आणि आळीपाळीने गाडी चालवायला एच-१बी व्हिसावर असलेला मेहुणा असेल.

मी वकील नाही. खाली लिहिलेले माझ्या वाचनावर आणि अनुभवावर आधारित आहे, आणि हे कायदे विधिमंडळाच्या जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात बदलतात. त्यामुळे निघण्यापूर्वी प्रत्येक राज्याच्या पोलीस विभागाचे संकेतस्थळ स्वतः पाहा. पिस्तूल कसे हाताळावे, बोट ट्रिगरपासून दूर का ठेवावे, ही प्राथमिक गोष्ट तुम्ही शिकला आहात असे मी धरून चालते.

टेक्सासपुरते तुमचे वागणे कायद्यात बसते. होल्स्टरमधले पिस्तूल उघडपणे बाळगण्याची मुभा परवानाधारकांना १ जानेवारी २०१६ पासून मिळाली, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याचीही गरज उरली नाही. गाडीत मात्र एक बारकावा आहे: पिस्तूल बाहेरून दिसत असेल तर ते होल्स्टरमध्येच असावे लागते. बाजूच्या सीटवर नुसते टाकलेले किंवा स्टिअरिंगखाली लोहचुंबकाला चिकटवलेले, ट्रिगर उघडा असलेले पिस्तूल हा गुन्हा तर आहेच, शिवाय तो मूर्खपणाही आहे. परवाना ऐच्छिक झाला असला तरी तो काढावा असे माझे ठाम मत आहे, कारण इतर बरीच राज्ये तुमचा टेक्सासचा परवाना मानतात, तुमची टेक्सासमधील मुभा मानत नाहीत. दुसरे असे की शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेली बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे, आणि त्या राज्याचाच परवाना असणाऱ्याला तीतून सूट आहे. शहरातून गाडी चालवताना असा टापू न ओलांडता कुठे पोहोचता येते, हे नकाशावर एकदा बघा.

कायदा बाजूला ठेवला तरी गाडीत कमरेला उघडे पिस्तूल मला पटत नाही. सीटबेल्टच्या बकलाखाली ते अडकते, गरज पडली तरी पटकन हाताला येत नाही, आणि जिथे आत नेण्यास मनाई आहे अशा प्रत्येक ठिकाणी ते काढून गाडीत ठेवावे लागते. पोस्ट ऑफिसच्या तर पार्किंगमध्येही ते चालत नाही. काढणे आणि पुन्हा घालणे हीच नकळत गोळी सुटण्याची वेळ असते, आणि मागच्या सीटवर मुले असतात. ज्यांना माझे म्हणणे भित्रेपणाचे वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

आता तुमचा रस्ता. आर्कान्सा आणि टेनेसीपर्यंत फारसे अडणार नाही. नॉक्सव्हिलच्या पुढे तुम्ही आय-८१ महामार्ग धराल, आणि तोच रस्ता व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मेरीलँड आणि पेनसिल्व्हानिया असा जातो. व्हर्जिनिया टेक्सासचा परवाना मानतो. मेरीलँडमध्ये हा महामार्ग जेमतेम बारा मैल आहे, गाडीतले गाणे संपण्याआधी राज्य संपते, पण ते राज्य बाहेरचा कोणताही परवाना मानत नाही आणि त्या बारा मैलांत कमरेचे भरलेले पिस्तूल थेट अटकेचे कारण ठरते. पेनसिल्व्हानियाची गंमत उलटी आहे. तिथे पायी चालताना उघडे पिस्तूल बाळगायला राज्याचा कायदा सहसा परवाना मागत नाही, पण त्याच माणसाने गाडीत पाऊल ठेवले की परवाना लागतो. तुम्ही तो काढलेला नसेल तर तुमची मिनिव्हॅन तिथे बेकायदा ठरेल.

सगळे जण यावर १९८६ च्या केंद्रीय कायद्याचा आधार सांगतात. तो आधार खरा आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा अरुंद आहे. जिथून निघालात आणि जिथे पोहोचणार, त्या दोन्ही ठिकाणी ते हत्यार जवळ ठेवणे आणि बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तरच मधल्या राज्यांतून ते नेता येते. तेही पिस्तूल रिकामे करून, पिस्तूल आणि काडतुसे दोन्ही प्रवाशांच्या हाताला सहज लागणार नाहीत अशा जागी ठेवून. स्वतंत्र डिकी नसलेल्या गाडीत, म्हणजे आपल्या लोकांच्या लाडक्या मिनिव्हॅनमध्ये, ते कुलूपबंद पेटीत असावे लागते आणि ग्लोव्ह बॉक्स किंवा मधला कन्सोल ही पेटी धरली जात नाही. उघडपणे बाळगणे आणि हे संरक्षण एकत्र नांदूच शकत नाहीत.

तुमच्या बाबतीत तर शेवटचे ठिकाणच न्यू जर्सी आहे. तिथे परवान्याविना हँडगन बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून दोषी ठरल्यास साधारणपणे किमान ४२ महिने पॅरोल मिळत नाही. दहापेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन चालत नाही, पोकळ टोकाच्या गोळ्यांवर वेगळे निर्बंध आहेत. २०१३ मध्ये फिलाडेल्फियातील एका महिलेने, पेनसिल्व्हानियाचा परवाना हाती असताना, न्यू जर्सीच्या महामार्गावर गाडी थांबवली गेल्यावर आपण होऊन पोलिसाला पिस्तुलाविषयी सांगितले. तिला अटक झाली, आणि प्रकरणावर पडदा पडायला २०१५ मध्ये राज्यपालांची माफी लागली. वाटेतला मुक्कामही निरुपद्रवी समजू नका. २००५ मध्ये विमानाने पेनसिल्व्हानियाला निघालेल्या एका प्रवाशाचे पुढचे विमान न्यू जर्सीतील नेवार्कला हुकले. बंदूक असलेले सामान घेऊन त्याला रात्र हॉटेलात काढावी लागली, आणि सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे बंदूक जाहीर करताच त्याला अटक झाली. हॉटेलात सामान हाताशी आले तेव्हाच केंद्रीय संरक्षण सुटले, असे अपील न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. बाहेरच्या रहिवाशाला न्यू जर्सीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण तो सुट्टीच्या आधी घाईघाईने मिळणारा कागद नव्हे. म्हणून माझे उत्तर सरळ आहे: पिस्तूल डॅलसच्या घरी, तिजोरीत ठेवा.

इतके ठासून सांगण्यामागे आमचा अनुभव आहे. यजमानांचे काम काही काळासाठी न्यू हॅम्पशायरला होते, टेक्सासहून तिकडे गाडीने निघालो, म्हणजे निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण दोन्ही कायदेशीर. पिस्तूल रिकामे, कुलूपबंद पेटीत, डिकीत, काडतुसे वेगळ्या पेटीत. मधल्या एका कडक राज्यात पावसात सिग्नलला उभे असताना मागून ट्रक आदळला. आम्हाला रुग्णवाहिकेतून नेले आणि गाडी टो करून नेणार होते, म्हणून मी पोलिसाला डिकीतल्या पेटीची कल्पना दिली. तो अत्यंत सौजन्याने वागला, पेटी सुरक्षिततेसाठी ताब्यात घेतो म्हणाला. आमच्यावर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, तपासही झाला नाही.

खरा मनस्ताप त्या शहराच्या पोलिसांच्या जप्त मालाच्या खात्यात सुरू झाला. खिडकी आठवड्यातून मोजके तास उघडी, तीही आधी वेळ घेतली तर, आणि वेळ देणारा फोन कोणी उचलत नाही. पोहोचलो तेव्हा सांगण्यात आले की हत्यार परत हवे तर त्या राज्याचे हत्यार ओळखपत्र आणा. आम्ही तिथले रहिवासी नाही, ते ओळखपत्र आम्हाला मिळणारच नाही, असे सांगितल्यावर समोरची बाई शांतपणे म्हणाली की मग परतही मिळणार नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या कर्मचाऱ्याने न्यायालयाचा आदेश मागितला. न्यायालयाच्या कार्यालयात विचारले तर खटलाच नाही, आदेश कशाचा देणार, असा प्रश्न त्यांनी आम्हाला केला. मग फोनवर कोणीतरी नोटरी केलेले पत्र पुरेल असे सांगितले, आम्ही ते पाठवले, आणि ते मिळाल्याची साधी पोचही आली नाही. दरम्यान ठरावीक मुदतीत न नेलेले हत्यार नष्ट केले जाईल अशी नोटीस टेक्सासच्या पत्त्यावर जाऊन पडली होती आणि शेजारणीने टपालाचा फोटो पाठवला म्हणून ती कळली. आपल्याकडची सरकारी कचेरी बरी म्हणण्याची पाळी आली, कारण तिथे निदान कोणता कागद हवा हे तरी एक माणूस ठाम सांगतो. शेवटी स्थानिक वकिलाचे एक पानी पत्र गेले आणि आधी अशक्य असलेले सगळे शक्य झाले: खात्याने पिस्तूल टेक्सासमधील परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवले, आणि आमचेच पिस्तूल घेण्यासाठी आम्ही पुन्हा पार्श्वभूमी तपासणीचा फॉर्म भरला. वकिलाची फी पिस्तुलाच्या किमतीपेक्षा जास्त झाली.

यावरून पुढे कधी योग्य राज्यांमधून पिस्तूल नेलेच तर इतके करा. खरेदीची पावती आणि अनुक्रमांकाचा फोटो पिस्तुलापासून वेगळा, फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा. कोणी ताब्यात घेतलेच तर प्रकरण क्रमांक, अधिकाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक असलेली लेखी पावती घेतल्याशिवाय जाऊ देऊ नका. कार्यालयाला प्रश्न ईमेलनेच विचारा. फोनवरचे उत्तर नंतर कोणी दिलेले नसते. आणि खेपा घालत बसण्याऐवजी पहिल्या नकारानंतरच वकील गाठा.

पोलिसाने गाडी थांबवली तर इंजिन बंद, आतला दिवा चालू, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काही राज्यांत न विचारता सांगावे लागते, काहींत विचारल्यावर. टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितल्यावर परवानाधारकाने ओळखपत्र आणि पिस्तुलाचा परवाना अशी दोन्ही कार्डे दाखवायची असतात. बोलण्याची सुरुवात ‘गन’ या शब्दाने करू नका, परवान्यापासून करा, आणि हात हलवण्यापूर्वी विचारा.

तुमच्या मेहुण्याविषयी आधीच्या उत्तरांत कोणीच लिहिले नाही, म्हणून शेवटी तेच सांगते. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीला केंद्रीय कायद्याने पिस्तूल किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास बंदी आहे. वैध शिकार परवाना असणाऱ्यांसारखे अपवाद थोडे आहेत. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही. तुम्ही पेट्रोल पंपावर आत गेलात, पिस्तूल कन्सोलमध्ये राहिले आणि स्टिअरिंगवर मेहुणा असला, तर ते त्याच्या ताब्यात होते असा अर्थ लावला जाऊ शकतो. त्याने पिस्तूल पाहिलेही नसेल, पण व्हिसा त्याचा जाईल. न्यू जर्सीत तर गाडीत स्वतः पेट्रोल भरू देत नाहीत, कर्मचारी थेट चालकाच्या खिडकीशी येतो. डॅलसच्या आसपासही मेहुणा गाडी चालवणार असेल त्या दिवशी पिस्तूल गाडीत नको, आणि पेटीच्या कुलपाचे आकडे त्याला माहीत नसावेत.