डब्लिनला आलोय, मुलीसाठी व्हायोलिनचे क्लासिकल शिक्षक बघू की आयरिश फिडलचे?

मुलगी आठ वर्षांची, पुण्यात वर्षभर व्हायोलिन शिकलेली, आणि इथे क्लासिकल व्हायोलिन व आयरिश फिडल असे दोन वेगळे खासगी क्लास दिसतायत, म्हणून तुम्ही विचारताय. आम्ही याच फेऱ्यातून गेलोय.

वाद्य एकच आहे हो. फिडल म्हणजे व्हायोलिनच, तारा त्याच, गज तोच. पुण्यात ती मांडी घालून, वाद्याचं टोक घोट्यावर टेकवून हिंदुस्थानी पद्धतीने शिकली असेल, तर मात्र शिक्षकांना पहिल्या फोनवरच सांगा. इथे वाद्य खांद्यावर धरून वाजवायचं आणि तारा वेगळ्या स्वरांत लावलेल्या, त्यामुळे पहिले काही महिने जड जातील.

फरक शिकवण्यात आहे. क्लासिकलमध्ये समोर नोटेशनचा कागद, स्केल्स, एकेक ग्रेड, आठव्या ग्रेडपर्यंत. रॉयल आयरिश अकॅडमी ऑफ म्युझिक १८४८ पासूनची, तिच्या परीक्षा देशभर होतात. प्रारंभिक-प्रवेशिका-मध्यमा करत वाढलेल्या आपल्यासारख्या आईबापांना हे लगेच ओळखीचं वाटतं. फिडलवाले शिक्षक मात्र एक तुकडा वाजवतात, मुलीने ऐकून तो परत वाजवायचा. पूर्ण धून तुम्ही फोनवर रेकॉर्ड करून घरी न्यायची. बहुतेक धुना आठ मात्राखंडांचे (बारचे) दोन भाग, प्रत्येक दोनदा, अशा बेतशीर असतात. खरी गंमत 'कट' आणि 'रोल'मध्ये असते. आपल्या कण-मुरकीच्या जातीचा हा प्रकार, आणि तो सहसा कागदावर लिहिलेला नसतो. म्हणजे पद्धत गुरुकुलाची.

आमची चूक सांगते. "मी दोन्ही शिकवते" म्हणणाऱ्या एका बाईंकडे मुलाला घातलं. वर्षभराने तो कागदावरून जिग (सहा-आठच्या तालातली नाचाची धून) वाजवायला लागला, एकही सूर न चुकवता, आणि ऐकताना साताचा पाढा म्हटल्यासारखं वाटायचं. शेजारचे आजोबा ऐकून म्हणाले, "नीटनेटकं वाजवतो." नीटनेटकं! त्या दिवशी कळलं की सहा-आठच्या तालात जो हेलकावा लागतो, तो गजाच्या हातात असतो आणि तो त्या संगीतात मुरलेल्या माणसाकडूनच येतो.

आता मी काय करीन? आठव्या वर्षी आठवड्याला अर्धा तास क्लासिकल, हात आणि सूर बसेपर्यंत. जोडीला टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी. डी सुरातली, सहा भोकांची, दहा-पंधरा युरोंना मिळते, शाळेतही बहुधा शिकवतीलच. लेकीला ती कोल्तसच्या जवळच्या शाखेत, इतर मुलांबरोबर, कानाने शिकू दे. (कोल्तस ही १९५१ पासूनची पारंपरिक संगीताची संस्था, दरवर्षीचा फ्ला क्योल महोत्सव त्यांचाच.) दोन वर्षांनी फिडलकडे वळवा. फिडलचे शिक्षक म्हणतील, गज आधीच वेगळ्या वळणाचा झाला. त्यात तथ्य आहे. तुमची लेक एकदा ऐकलेलं गाणं लगेच वाजवत असेल आणि कागद बघून तोंड वाकडं करत असेल, तर माझं ऐकू नका, थेट फिडललाच घाला.

पहिल्या तासाला शिक्षक कोणत्या भागाच्या ढंगाचं वाजवतात ते विचारा. डोनेगल, स्लायगो, क्लेअर यांत गजाचा बराच फरक आहे. आणि दहा मिनिटांत त्यांचं स्वतःचं फिडल पेटीबाहेर आलं नाही, तर मी तरी दुसरीकडे जाईन.

सेशन, म्हणजे पबमध्ये वादक जमून वाजवतात ते, ऐकायला मात्र आत्तापासून न्या. स्मिथफील्डचं कॉबलस्टोन नावाचं पब त्यासाठी प्रसिद्ध आहे. संध्याकाळी लवकर जा, गप्प बसून ऐका, बोलावल्याशिवाय घोळक्यात वाद्य काढायचं नाही. तिथे इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) बघून तिने तेच मागितलं, तर घाबरू नका. काखेत पिशवी, दुसऱ्या कोपराखाली बाजाच्या पेटीसारखा भाता. जुने लोक म्हणतात, सात वर्षं शिकायचं, सात रियाज, सात वाजवायचं. व्हिसलवरची बोटं तिथेही उपयोगी पडतात.

आणि व्हायोलिन भाड्याने घ्या. या वयात माप अर्धं लागतं, मग पाऊण. मी शहाणपणा करून दोन्ही विकत घेतली, आता पोटमाळ्यावर धूळ खातायत.