पोरीशी कंपनीत कोणी बोलत नाही म्हणता, पण साहेबांना रोज फोन कशाला करता?

भाऊ, तुमचं पत्र मिळालं. मुलगी अमळनेरहून रेल्वेने जळगावला अप-डाऊन करते, मेकॅनिकल डिप्लोमाचं चौथं सेमिस्टर झालं, एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कंपनीत क्वालिटीला इंटर्नशिप लागली. दोन आठवडे होऊनही तिच्याशी कोणी बोलत नाही, डबा एकटीच खाते, काम म्हणजे नुसतं रजिस्टर भरणं. म्हणून तिला काढून एमपीएससीचा क्लास लावू का, असं विचारता.

माझं लक्ष मात्र मधल्या एका ओळीवर अडकलं. पहिल्या दिवशी तुम्ही केबिनपर्यंत सोबत गेलात, साहेबांना "पोरीला मशीनजवळ पाठवू नका" सांगून आलात, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन करून आज काय केलं ते त्यांनाच विचारता. पोरगी पहिल्यांदा एकटी बाहेर पडलीय, काळजी वाटणारच. पण स्पष्ट सांगते, शॉपफ्लोअरवर अशी गोष्ट लपत नाही. ऑपरेटरला वाटतं, हिला काही शिकवायला गेलो, जरा आवाज चढला आणि संध्याकाळी फोनवर माझंच नाव निघालं तर? त्यापेक्षा लांब राहिलेलं बरं. ती एकटी पडलीय त्याचं मोठं कारण मला हा फोनच वाटतो. आजपासून बंद करा. काय विचारायचं ते घरी आल्यावर तिला विचारा, आणि तेही आधी चहा-पाणी होऊ द्या, दारातच चौकशी नको.

कंपनीचंही चुकलंच. पहिल्या दिवशी सगळ्यांशी ओळख करून द्यायची, अडलं तर कोणाकडे जायचं ते एक नाव सांगायचं, एवढं तर कोणीही करू शकतं. ते झालं नाही तर तिने स्वतः जाऊन विचारावं, "सर, मला काही विचारायचं असलं तर कोणाकडे जाऊ?"

आता रजिस्टरचं. रजिस्टर भरायला लावतात म्हणजे काही शिकवत नाहीत, हा गैरसमज मला फार पालकांकडून ऐकायला मिळतो. पाइपच्या तुकड्याची जाडी गोल फिरवत ठिकठिकाणी मोजतात. एका बाजूला ३.४ मिमी आणि समोरच्या बाजूला २.९ येतेय तर डायचं, म्हणजे ज्या साच्यातून पाइप बाहेर येतो त्याचं, सेंटर सरकलंय, ऑपरेटर डायचे बोल्ट थोडेथोडे कसून ते जागेवर आणतो. पातळ बाजू आयएस ४९८५ या पीव्हीसी पाइपच्या भारतीय मानकातल्या किमान जाडीच्या खाली गेली की माल रिजेक्ट, आणि जाड बाजूला रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, फुकट जातं. म्हणजे अख्खी लाइन कशी चाललीय ते त्या आकड्यांत दिसतं. तिने नुसते आकडे उतरवू नयेत, रजिस्टर घेऊन लाइनवर जावं आणि विचारावं, "दादा, ही बाजू सकाळपासून जाड येतेय, सेंटर हललं का?" असं विचारणाऱ्या पोरीशी ऑपरेटर बोलतोच, आणि बहुतेक वेळा मशीनपाशी नेऊन दाखवतोही. मशीनजवळ जाऊ द्या तिला, सेफ्टी शूज घालून, ओढणी-केस नीट बांधून.

आणि तुम्ही लिहिता की तिला "शुद्ध बोल, अहिराणी काढू नको" असं बजावलंय. का हो? लाइनवर निम्मी माणसं अहिराणी नाहीतर लेवा बोली बोलणारी असतील, बाकीची हिंदी. रिपोर्ट नीट लिहिता आला की झालं. जेवणाच्या सुट्टीत डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा असला तर थोडा जास्तीचा द्या, तिला म्हणावं दुसऱ्या टेबलावर जाऊन बस, कोणी बोलवायची वाट बघू नको.

एक मात्र वेगळं धरा. कोणी घाणेरडं बोलत असेल, अंगाशी येत असेल तर ते सहन करायचं नाही. कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात इंटर्नलाही संरक्षण आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती असावीच लागते. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण तिला एकदा मोकळेपणाने विचारा, शक्यतो आईने विचारावं.

राहिला एमपीएससीचा प्रश्न. राज्यसेवेला पदवी लागते, नुसत्या डिप्लोमावर बसता येत नाही, त्यामुळे आत्ता क्लासची फी भरू नका. डिप्लोमा झाला की थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगचा रस्ता उघडा आहे. पण तिला काय करायचंय ते तुमच्या एवढ्या लांब पत्रात कुठेच नाही. इंटर्नशिप पूर्ण होऊ द्या, मग पुढचं पत्र तिने लिहावं, आणि पाठवण्याआधी तुम्ही वाचू नका.