शाळेने ४ वर्षांच्या मुलाकडून घरी चित्रवाचन करून घ्यायला सांगितलंय, आम्हा दोघांनाही वाचनाची सवय नाही. नेमकं काय करायचं आणि रोज किती वेळ?

सवय नाही म्हणता ना, मग उलट बरंच आहे. आमच्या घरात हे सगळ्यात भारी जमलं ते सासूबाईंना, आणि त्यांना सहीपलीकडे काही लिहिता-वाचता येत नाही.

मुलीचं एक पुस्तक होतं, पानावर जेमतेम दोन ओळी, एका मुलाला झोप येत नाही एवढीच गोष्ट. मी रोज रात्री घडाघडा वाचायचे की लाइट बंद. एकदा मला ताप होता म्हणून सासूबाई घेऊन बसल्या आणि पहिल्याच पानावर अडल्या, "अगं, ह्याच्या एकाच पायात मोजा कसा?" झालं, दोघी मागे जा पुढे जा करत मोजा शोधायला लागल्या आणि शेवटच्या पानावर पलंगाखाली झोपलेल्या मांजराच्या पोटाखालून मोज्याचं टोक बाहेर! मजकुरात मोज्याचं नावही नाही. मी ते पुस्तक पन्नासदा तरी वाचलं असेल, मला कधी दिसला नव्हता.

तेवढ्यात तिथे बसलेल्या आमच्या नणंदबाई म्हणाल्या, "आई, लिहिलंय तेच सांग गं, पोरीला चुकीचं डोक्यात बसेल." सासूबाईंनी पुस्तक मिटलं, "मला कुठं वाचता येतं" म्हणाल्या आणि नंतर कितीतरी दिवस हात लावला नाही. मी तेव्हा गप्प बसले, ते अजून सलतं.

नणंदबाईंची पद्धत म्हणजे बोट ठेवून हे काय, रंग कुठला, किती आहेत. ही तोंडी परीक्षा झाली, पोरगं एका शब्दात सुटतं. त्यापेक्षा विचारा, काय चाललंय इथे? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? हे माझ्या मनाचं नाही, व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज नावाच्या, चित्र बघून मुलांना बोलतं करायच्या पद्धतीतले हेच तीन प्रश्न आहेत. आणि १९८८ मध्ये व्हाइटहर्स्ट नावाच्या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २१ ते ३५ महिन्यांच्या मुलांच्या पालकांना असेच मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं होतं, महिन्याभरात ती मुलं बोलण्यात बाकीच्यांच्या पुढे गेली. हे मी फॅमिली ग्रुपवर टाकलं होतं, नणंदबाईंनी अंगठा दाखवून विषय संपवला.

वेळेचं म्हणाल तर पोरगं चुळबुळ करायला लागलं की पुस्तक बंद, मग पाच मिनिटं का होईनात. पुस्तक नसेल तर घरातला फोटोंचा अल्बम घ्या. हां, एक राहिलं, अक्षरं काही चित्रं बघून येत नाहीत, ती वेगळी शिकवावीच लागतात, नाहीतर मला शिव्या घालाल.

गेल्या महिन्यात नणंदबाईंच्या धाकट्यालाही शाळेतून हेच आलं. त्यांचा मला फोन, काय करायचं गं म्हणून. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला.